सालोमी नसलेला महिना

"आजी, तू आयुष्यात कधी खोटं बोललीस का गं?"

प्रश्न तबिथाचा नव्हता, फक्त तोंड तिचं होतं. प्रश्न मिसबाह आणि श्रावणी या मैत्रिणींचा, शुक्रवारच्या मधल्या सुट्टीत चिंचेच्या झाडाखाली ठरलेला, आणि त्याला दोन अटी: सगळं घर जमलेलं असताना विचारायचा आणि विचारताना हसायचं नाही. "भाषणात म्हणालीस ना, आजी म्हणजे देवदूत? मग विचारून दाखव देवदूताला," असं श्रावणी म्हणाली होती. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत 'माझी आजी' या विषयावर पहिला नंबर आल्यापासून, म्हणजे गेले तीन आठवडे, तबिथा त्रिभुवन कुठल्याही आव्हानाला नाही म्हणत नव्हती. त्याआधी, पंधरा वर्षांची होईपर्यंत, ती वर्गात 'बाई, पाणी पिऊन येऊ?' हे वाक्यसुद्धा मनात चारदा घोकून म्हणायची. पण तो इतिहास झाला. आता टीव्हीच्या डोक्यावर कप होता.

शनिवारची दुपार होती. चहाच्या कपांबरोबर उद्याची कामं टेबलावर पसरली होती. उद्या रविवारच्या उपासनेनंतर आजीच्या नव्वदीची उपकारस्तुती. दारात गुंडाळलेला फ्लेक्स उभा होता, 'सिस्टर सालोमी त्रिभुवन, नव्वद वर्षांच्या कृपेबद्दल'. दीनाआत्या पुण्याहून केक घेऊन आली होती आणि तो फ्रिजमध्ये मावावा म्हणून मम्मीनं दोन दिवसांच्या भाज्या बाहेर काढल्या होत्या. थिओफिलकाका निवृत्त मुख्याध्यापक, शिवाय चर्चच्या पंचांत. ते कार्यक्रमपत्रिका चौथ्यांदा तपासत होते. पप्पा एसटी आगारातून सुट्टी टाकून खुर्च्यांचा बंदोबस्त बघत होते. नाताळात आजी कुणाकडे राहणार यावरून दोघा भावांचं जे वाजलं होतं, त्यानंतर ते एकमेकांशी थेट बोलत नव्हते. "शमुवेलला विचार, खुर्च्या किती," असं काका आत्याला सांगत, आणि पप्पा काकांच्या देखत आत्याला आकडा सांगत. दहा महिने आत्या पुण्याहून फोनवर हीच चाकरी करत होती.

आजी पावाचा तुकडा चहात बुडवत होती. एकेचाळीस वर्षं मिशन दवाखान्यात काढलेल्या बाईचा हात. पाव चहात तुटून पडला असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

"एकदा," आजी म्हणाली.

पाव तुटून चहात पडला.

तबिथाला वाटलं, आता आजी हसेल. लहानपणी साखर चोरून खाल्ली वगैरे सांगेल. सोमवारी मधल्या सुट्टीत तो किस्सा कसा रंगवायचा, कुठे थांबायचं, कुठे हात वर न्यायचा, हेही तिनं तेवढ्या वेळात ठरवून टाकलं. कप मिळाल्यापासून तिचं डोकं असंच चालायचं.

"बरं झालं विचारलंस," आजीनं कप खाली ठेवला. "तो फ्लेक्स आल्यापासून माझ्या घशात अडकलं होतं. थिओफिल, मी उद्या नव्वद वर्षांची नाही."

"बरोबर आहे आई, बुधवारीच झालीस. आपण सोयीसाठी रविवार धरला."

"बुधवारीही नाही झाले. मी अठ्ठ्याऐंशी वर्षं आठ महिन्यांची आहे."

काकांनी चष्मा काढला. वर्गात कुणी सात साते पन्नास म्हटलं की ते असाच चष्मा काढत असणार.

मग आजीनं सांगितलं. सरळ, रुग्णाची हकीकत सांगावी तसं. तिच्या आधी तिच्या आईला एक मुलगी झाली होती, ऑक्टोबर महिन्यात. नाव ठेवलं सालोमी. ती सव्वा वर्षाची होऊन गेली. पाठची मुलगी झाली, तिलाही आईनं तेच नाव ठेवलं. ती म्हणजेच आजी. घरातल्या पत्र्याच्या पेटीत बाप्तिस्म्याचे दोन दाखले होते. नाव एकच, बापाचं नाव एकच, तारखा वेगळ्या. एक्कावन्न सालच्या नोव्हेंबरात बापानं तिचं लग्न एका बिजवराशी ठरवलं, दोन पोरांच्या बापाशी. दवाखान्यात नर्सेसची नवी तुकडी भरत होती, पण सतरा पूर्ण लागत. ती पंधराची होती.

"दवाखान्यातल्या मिससाहेबांनी विचारलं, सतरा पुरी? मी म्हटलं, पुरी. आणि दाखला पुढं केला." आजी थांबली. "पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की घाईत पेटीतला वरचा कागद उचलला. वरचा माझा होता. मी खालचा उचलला."

पप्पांनी खुर्च्यांची यादी खाली ठेवली.

"म्हणजे कागद खरा होता," पप्पा हळूच म्हणाले.

"कागद खराच होता. खोटी मी होते."

मग आत्याला कंठ फुटला. "अगं आई, पण केकवर नव्वद लिहून झालंय! शेवंतीच्या फुलांसकट!"

"खरवडून काढ."

"हे बघा," काका उठून उभे राहिले. मुख्याध्यापक बसून बोलत नाहीत. "ही गोष्ट या चार भिंतींत राहील. सोळा महिन्यांचा तर फरक. बाहेरगावचे पाहुणे निघालेत, पाळकसाहेबांनी नव्वदीवर उपदेश बसवलाय. आपल्याकडे कुणाची तारीख खरी असते?"

"दादा बरोबर बोलतोय," आत्या म्हणाली. "आई, तू फक्त बसून राहा. बोलू नकोस. बाकीचं आम्ही बघतो."

"उपासनेत उभं राहून देवानं न दिलेल्या सोळा महिन्यांबद्दल त्याचे आभार मानू?" आजीनं विचारलं. "तो म्हणेल, बाई, कुणाचे म्हणून मोजलेस?"

"देव असं बोलत नाही, आई."

"तुझ्याशी नसेल बोलत. तू पंच आहेस."

मम्मीनं तोंडाला पदर लावला. एकवीस वर्षं या घरात सून असलेली बाई, सासूच्या बाजूनं ती सहसा हसायची नाही. सासू तिनं घातलेल्या चादरीचे कोपरे उलगडून पुन्हा दवाखान्यातल्यासारखे घट्ट दुमडायची, हे दुःख ताजं होतं. पण आता ती खुर्ची ओढून आजीशेजारी बसली. "आईंना सांगायचं असेल तर सांगू द्या. फ्लेक्स काय, माणसांनीच छापलाय."

"तुम्ही यात..." काकांनी हात वर केला. "तारखेचं मला शिकवू नका. छत्तीस वर्षं शाळेचं दाखलखारीज रजिस्टर मी सांभाळलंय."

"सांभाळलंय कसलं," पप्पा म्हणाले. "अर्ध्या गावाला एक जून लावून ठेवलंय तुम्ही, दादा. आमच्या आगारात एक जूनला एकवीस ड्रायव्हरांचे वाढदिवस असतात. साहेब एकच पेढा तोडून वाटतो."

आत्याचा हात कपाकडे जाता जाता थांबला. पप्पा दादांशी बोलले होते. थेट.

"आईबापांना तारीख माहीत नसेल तर मी काय पंचांग घेऊन बसू?" काकाही थेट गरजले. "आणि तुझीसुद्धा एक जूनच लागणार होती, शमुवेल! आईनं मला दवाखान्याच्या रजिस्टरातून उतारा आणून दिला म्हणून वाचलास!"

"बघा," आजी शांतपणे म्हणाली. "दुसऱ्यांच्या तारखा मी एक दिवस चुकवल्या नाहीत. बाळ जन्मलं की आधी घड्याळ बघायचं, मग बाळ. हजारोंच्या तारखा लिहिल्या. कशासाठी, वाटतं तुम्हाला?"

आत्या एकदम खाली बसली. तिला काहीतरी आठवत होतं. "आई... तू रिटायर झाल्यावर ओपीडीत फुकट बसायचीस. ते किती दिवस?"

"सोळा महिने."

"फेब्रुवारीतला मंगळवार होता. तू घरी आलीस, पाय धुतलेस आणि म्हणालीस, 'झालं.' मला वाटलं, डॉक्टरांशी भांडलीस."

"कागदानं सोळा महिने आधी घरी बसवलं होतं. तेवढे भरून दिले."

तबिथाची नजर आपल्या मांडीवरच्या कागदांकडे गेली आणि कान तापले. आजीचा जीवनपट. उद्या उपासनेत तोच वाचायचा होता, आणि वक्तृत्वाचा कप घरात असताना तो दुसऱ्या कुणी लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. पप्पांनी माहिती दिली होती, 'निवृत्तीनंतर सोळा महिने बिनपगारी सेवा'. तिनं तिथं लिहिलं होतं, 'निवृत्तीनंतरही अखेरपर्यंत रुग्णसेवेचा वसा सोडला नाही.' कारण सोळा महिने हे तिला मिक्सरच्या गॅरंटीसारखं वाटलं होतं. संबंध जीवनपटात एकच गोष्ट खरी बोलत होती, आणि शैलीच्या नावाखाली तिनं नेमकी तीच खोडली होती.

पण तबिथा त्रिभुवन हरणारी नव्हती. अडचण आली की उपाय सुचलाच पाहिजे, असं कप जिंकणाऱ्यांचं असतं. तिनं कागद उलटा केला आणि पेन काढलं.

"आजी, मोठी सालोमी सव्वा वर्ष जगली ना? तू अठ्ठ्याऐंशी वर्षं आठ महिने. दोघींचं नाव एकच. म्हणजे दोन्ही सालोमींचं आयुष्य एकत्र धरलं तर..." पेन भराभर चाललं. "एकोणनव्वद वर्षं... अकरा महिने."

"वा!" काका खुर्चीत बसले. "पोरगी हुशार आहे. 'सालोमी या नावाला मिळालेल्या नव्वद वर्षांबद्दल.' फ्लेक्स तसाच राहील."

"एक महिना कमी पडतोय, काका."

"एका महिन्याला देव काही म्हणत नाही."

"किंवा असं करू," तबिथा आता सुटली होती, "मोठी सालोमी सव्वाच्या ऐवजी सोळा महिने जगली असं लिहू. म्हणजे बरोब्बर..."

"तबे."

आजीनं आवाज चढवला नव्हता. उलट खाली आणला होता. वॉर्डातले नातेवाईक या आवाजाला बाहेर जात, असं आत्या सांगायची.

"ती जानेवारीत गेली. मी फेब्रुवारीत झाले. मधला एक महिना घरात सालोमीच नव्हती. माझी आई दिवस भरलेल्या पोटानं पाणी भरत होती, भाकरी थापत होती, आणि हाक मारायला ते नाव नव्हतं. तो महिना तिचा आहे. तुझा हिशेब जमावा म्हणून त्याला हात लावायचा नाही."

तबिथानं पेनाचं टोपण लावलं. ते लागेना. मग दुसऱ्या बाजूनं लावत होती हे तिच्या लक्षात आलं.

"आता काय लिहिलंस ते वाच," आजीनं टेबलावरचं कानाचं यंत्र उचलून कानात बसवलं. "पहिल्यापासून. स्पर्धेच्या वेळी म्हणून दाखवलंस तेव्हा सेल संपले होते. मी नुसती मान हलवली."

हे तबिथाला माहीत होतं. सेल संपलेत हे बघूनच तिनं तेव्हा म्हणून दाखवलं होतं.

तिनं वाचायला सुरुवात केली. पहिला परिच्छेद निभावला. दुसऱ्यात तिचा आवाज मावळत गेला. "'...आभाळ फाटलं होतं. प्रवरामाई रौद्र रूप धारण करून दुथडी भरून वाहत होती. पैलतीरी एक अडलेली माउली टाहो फोडत होती. होडी नव्हती, नाव नव्हती. तेव्हा सिस्टर सालोमींनी क्षणाचाही विलंब न लावता गुऱ्हाळातल्या काहिलीत उडी घेतली...'"

"कुणी?"

"तू."

"कशात?"

"काहिलीत."

"रस उकळत होता का त्यात?"

पप्पांनी हसू दाबायला खुर्च्यांची यादी तोंडावर धरली. पण मग यादी खाली आली आणि त्यांचा चेहरा बदललेला होता. "म्हणजे ते तबेच्या भाषणातलं... काहिलीतून नदी ओलांडलीस ते... आई, मी आख्ख्या आगाराला सांगितलंय. श्रीरामपूर गाडीचा कंडक्टर मला काहीलवाले साहेब म्हणतो."

"कंपाउंडरची सायकल होती," आजी म्हणाली. "ओढ्याला घोट्याइतकं पाणी. तो म्हणाला, सिस्टर, उतरा. मी म्हटलं, चालव रे. पडलो दोघं. चप्पल वाहून गेली. पोचले तर मूल कधीच जन्मून दूध पीत होतं. बाळंतिणीनंच मला कोरडं लुगडं दिलं आणि गरम चहा पाजला. पुढं गावभर सांगायची, सिस्टरचं बाळंतपण मी केलं."

आधी मम्मी हसली. मग आत्या. मग काका, खांदे हलवत, आवाज न करता. तबिथाला कळलं की ही गोष्ट तिच्या गोष्टीपेक्षा शंभर पटींनी चांगली आहे, आणि ती विचारली असती तर आजीनं तेव्हाही सांगितली असती. टीव्हीच्या डोक्यावरचा कप ती बसली होती तिथून दिसत होता. इतका पिवळा तो आधी कधी वाटला नव्हता.

"मी संतीण असावी असं तुला वाटलं," आजी तिच्या पाठीवर हात ठेवत म्हणाली. "ते माझ्यानं झालं नाही, बाई. नर्सच झाले."

"मी आता काय करू?"

"ते मला काय विचारतेस? माझं मी उद्या सांगणार आहे. मला त्र्याहत्तर वर्षं लागली. तुला एवढी घाई कसली?"

हा टोमणा होता की सवलत, हे तबिथाला रात्री जेवतानाही ठरवता आलं नाही.

रविवारी सकाळी फ्लेक्स चर्चच्या दारात लागला. 'नव्वद' या शब्दावर आत्यानं आजीच्या औषधांच्या डब्यातली पांढरी चिकटपट्टी चार पदरी लावली होती आणि काकांनी मुख्याध्यापकी अक्षरात त्यावर लिहिलं होतं, 'अठ्ठ्याऐंशी वर्षे आठ महिने'. पट्टी धरायला पप्पा शिडीवर चढले होते. "जरा डावीकडे घे, शमुवेल." "डावीकडेच आहे, दादा." आत्या खाली उभी राहून दोघांकडे बघत होती आणि तिला काहीच काम नव्हतं.

साक्ष द्यायला आजी उठली तेव्हा तिनं काठी घेतली नाही. दोन दाखले, एक पेटी, मिससाहेबांचा प्रश्न. घरी सांगितलं तेवढंच, एक शब्द जास्त नाही. शेवटी म्हणाली, "माझ्या बहिणीनं मला तिची तारीख दिली. ती बिचारी हो म्हणायला नव्हती. आज तिच्यासाठी पण प्रार्थना करा." बायकांच्या बाकांवर पुष्कळ डोकी खाली गेली. पाळकसाहेबांनी नव्वदीवरचा उपदेश दुमडून बायबलमध्ये ठेवला आणि नुसती प्रार्थना केली, ती उपदेशापेक्षा बरी झाली, असं मागून मम्मी म्हणाली.

मग तबिथा. पहाटे उठून लिहिलेलं दीड पान. त्यात काहील नव्हती, सायकल होती. 'सोळा महिने' होतं, 'अखेरपर्यंत' नव्हतं. आणि एक वाक्य, जे तिनं अकरा वेळा लिहून दहा वेळा खोडलं होतं: 'त्या वर्षी एक महिना त्या घरात सालोमी नव्हती.' तिथं हात वर न्यायची जागा होती. तिनं हात खालीच ठेवला. आवाज कापला, एक ओळ दोनदा वाचली गेली, टाळ्या पडल्या नाहीत. चर्चमध्ये पडतही नाहीत. पुढच्या बाकावर आजी कानाच्या यंत्राला बोट लावून ऐकत होती.

केक आत्यानं वरून खरवडला होता, फुलं तेवढी राहिली होती. काका बशी घेऊन पप्पांजवळ आले. "सव्वीस सालच्या फेब्रुवारीत खरी नव्वदी. मांडववाल्याला आत्ताच सांगून ठेव."

"तारीख त्याला नका देऊ," आजी म्हणाली. "वर विचारून मग द्या."

संध्याकाळी पाहुणे गेले. मम्मी फ्रिजमध्ये भाज्या परत लावत होती, पप्पा पाय पाण्यात सोडून बसले होते. तबिथा कप घेऊन दारात उभी राहिली. मनात चारदा घोकलेलं होतं, अगदी जुन्या तबिथासारखं.

"पप्पा, मम्मी, मी ठरवलंय. उद्या मी कप परत करणार आहे. नुसता बाईंकडे नाही, परिपाठाला सगळ्या शाळेसमोर सांगणार आहे की भाषणातली काहिलीची गोष्ट मी बनवली होती. मिसबाह आणि श्रावणी हसतील, हसू देत. आगारात पण सांगायचं, पप्पा, ते काम तुमच्याकडे." ती एवढं एका दमात बोलली आणि मग तिला थांबावं लागलं. "आणि त्यानंतर सायकलची खरी गोष्ट सांगणार. फक्त चप्पल डावी गेली की उजवी, ते आधी आजीला विचारून येते."